सोव्हिएत युद्धपट

सोव्हिएत युद्धपट : सोव्हिएत संघाने 22 जून 1941 ते 9 मे 1945 या काळात नाझी जर्मनीशी लढलेल्या युद्धावरील चित्रपट. दुसऱ्या महायुद्धातल्या या आघाडीला रशियात 'महान देशभक्तिपर युद्ध' म्हणतात. त्यात सुमारे 2 कोटी 70 लाख सोव्हिएत माणसे मेली आणि त्यांत सैनिकांपेक्षा नागरिक जास्त होते. या परंपरेतले चांगले चित्रपट रणांगणावर फार रेंगाळत नाहीत, त्याचे कारण या आकड्यात आहे.

युद्ध चालू असतानाच पहिले चित्रपट निघाले. मॉस्को आणि लेनिनग्राडचे स्टुडिओ कझाकस्तानातल्या अल्माअताला हलवले होते, युक्रेनमधल्या कीव्हचा तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबादला. मार्क दोन्स्कोय यांच्या 'रेनबो'साठी (1944) युक्रेनचा हिवाळा तुर्कमेनिस्तानात उभा करावा लागला. जर्मनांच्या ताब्यातल्या खेड्यात बाळंतपणासाठी परतलेली गनिमी लढवय्यी ही त्याची नायिका. हेतू उघड प्रचाराचा होता, तरी त्यातली गावातली माणसे खरी वाटतात. युद्धानंतर मात्र माणसांची जागा स्टालिनने घेतली. मिखाइल च्याउरेली यांच्या 'द फॉल ऑफ बर्लिन'मध्ये (1950) पांढऱ्या गणवेशातला स्टालिन विमानाने बर्लिनला उतरतो आणि जमाव जयजयकार करतो. असे काही घडलेच नव्हते. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममध्ये भरलेल्या विजेत्या राष्ट्रांच्या परिषदेला स्टालिन गेला तो जुलै 1945 मध्ये, आणि तोही रेल्वेने.

1953 मध्ये स्टालिन गेला आणि सेन्सॉरचा फास थोडा सैल झाला. मिखाइल कलातोझोव्ह यांच्या 'द क्रेन्स आर फ्लाइंग'ची (1957) वेरोनिका आघाडीवर गेलेल्या बोरिसची वाट पाहू शकत नाही, त्याच्याच चुलतभावाशी लग्न करते. दिग्दर्शक तिला शिक्षा देत नाही, हे तेव्हा धाडसच होते. बोरिस दलदलीत गोळी लागून पडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बर्चची झाडे गरगर फिरतात. छायालेखक सेर्गेई उरुसेव्हस्की यांचे हे दृश्य पुढे अनेकांनी अभ्यासले. चित्रपटाला 1958 साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

ग्रिगोरी चुखराय स्वतः युद्धात लढलेले. त्यांच्या 'बॅलड ऑफ अ सोल्जर'मध्ये (1959) लढाई सुरुवातीलाच उरकते. एकोणीस वर्षांचा अल्योशा घाबरून पळता पळता दोन रणगाडे निकामी करतो. पदक नको, आईच्या घराचे छप्पर दुरुस्त करायला रजा द्या, असे तो सेनापतीला विनवतो. सहा दिवस मिळतात. मग मालगाड्या, फलाट, एक पाय गमावलेला आणि बायकोला तोंड दाखवायला कचरणारा सैनिक, गाडीत लपून चढलेली शूरा. एका सैनिकाने पलटणीच्या वाट्याचा साबण बायकोसाठी अल्योशाकडे दिलेला असतो. तिच्या घरी परका पुरुष दिसतो, तेव्हा तो साबण परत घेऊन त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो. युद्धाने घरांचे काय केले ते एवढ्या साबणात आले आहे. वाटेत वेळ जात राहतो आणि छप्पर राहूनच जाते. आईच्या वाट्याला मुलगा येतो तो काही मिनिटे, रस्त्यावर उभ्याउभ्या. तो युद्धातून परतणार नाही हे निवेदकाने पहिल्याच प्रसंगात सांगून टाकलेले असते.

रशियन कादंबरीकार शोलोखोव्हच्या कथेवरचा सेर्गेई बोंदार्चुक यांचा 'फेट ऑफ अ मॅन' (1959) आणि बालहेरावरचा आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा 'इव्हान्स चाइल्डहुड' (1962) याच काळातले. 1964 नंतर, सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हच्या काळात पुन्हा भव्यतेची हौस आली. युरी ओझेरोव्ह यांची पाच भागांची 'लिबरेशन' मालिका नकाशे आणि रणगाडे यांत रमते. लष्करी इतिहासाच्या अभ्यासकाने ती जरूर पाहावी, इतरांचा धीर सुटेल. अलेक्सेई गेर्मान यांचा 'ट्रायल ऑन द रोड' (1971) मात्र सुमारे 15 वर्षे डब्यात पडून राहिला. जर्मनांना जाऊन मिळालेला आणि पश्चात्तापाने परत आलेला सैनिक सहानुभूतीने दाखवणे अधिकाऱ्यांना पटले नाही.

तरी फितुरीवरचा श्रेष्ठ चित्रपट याच दशकात आला. लारिसा शेपित्को यांच्या 'द असेंट'मध्ये (1977) बर्फात पकडलेल्या दोन गनिमांपैकी आजारी, अशक्त सोत्निकोव्ह ठाम राहतो आणि धडधाकट, कामसू रिबाक जिवासाठी शत्रूच्या पोलिसांत जातो. त्यांना आसरा दिलेली आई आणि गावाचा म्हातारा प्रमुखही फासावर जातात. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दोन वर्षांनी शेपित्को मोटार अपघातात गेल्या.

त्यांचे पती एलेम क्लिमोव्ह यांचा 'कम अँड सी' (1985) बेलारूसमध्ये घडतो. 22 मार्च 1943 रोजी तिथल्या खातिन गावातली 149 माणसे मारली गेली, त्यांत 75 मुले होती; बहुतेकांना कोठारात कोंडून जाळले. रहिवाशांसकट जाळलेल्या गावांची संख्या चित्रपटाच्या अखेरीस दिली आहे, 628. सहलेखक आलेस आदामोविच किशोरवयात स्वतः गनिमी तुकडीत होते आणि जळलेल्या गावांतून वाचलेल्यांच्या साक्षी त्यांनी गोळा केल्या होत्या. बंदूक सापडल्याच्या आनंदात गनिमांकडे गेलेला फ्ल्योरा क्वचितच काही लढतो, तो पाहतो. बाँबहल्ल्यानंतर त्याच्या कानातला सुन्न आवाज प्रेक्षकालाही ऐकू येतो आणि थोड्याच दिवसांत त्या पोराचा चेहरा म्हाताऱ्याचा होतो. पटकथा अधिकाऱ्यांनी कित्येक वर्षे अडवून धरली होती. यानंतर क्लिमोव्ह 18 वर्षे जगले, पण त्यांनी एकही चित्रपट केला नाही.