शेजाऱ्याचा त्रास: मध्यस्थीसाठी अर्ज कुठे करायचा, आणि हातात येणाऱ्या कागदाला वजन किती

वरच्या मजल्यावर रात्री साडेअकराला खुर्च्या ओढल्या जातात, जिन्याखाली रोज रिकाम्या बाटल्या सापडतात, आपल्या दारात भलत्याचीच बाइक उभी असते. चौकीत गेलं की ‘एनसी’ लिहून घेतात, म्हणजे अदखलपात्र तक्रार. तिचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, म्हणून नोंदीची प्रत घेऊन आपण घरी येतो आणि खुर्च्या तशाच ओढल्या जातात. अशा भांडणांसाठी मध्यस्थीचा मार्ग आहे. फक्त कुठल्या दारातून आत जाता, यावर शेवटी मिळणाऱ्या कागदाची ताकद ठरते. हे आधी कळलं नाही तर पुढे पंचाईत होते.

पहिलं दार सामुदायिक मध्यस्थीचं. मध्यस्थी कायदा, २०२३ च्या कलम ४३ आणि ४४ मध्ये ती आहे. परिसरातल्या रहिवाशांची किंवा कुटुंबांची शांतता बिघडवेल असा वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती असेल तर, तीन मध्यस्थांच्या पॅनेलपुढे जातो. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे करायचा. जिथे प्राधिकरण नाही तिथे जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे. पॅनेलवर परिसरातली प्रतिष्ठित माणसं, रहिवासी संघाचे प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेले लोक घेता येतात. मात्र ९ ऑक्टोबर २०२३ रोजी या कायद्याची जी कलमं लागू झाली त्यांत ४३ आणि ४४ नव्हती. म्हणून कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: सामुदायिक मध्यस्थीचे अर्ज सध्या घेता का, आणि पॅनेल नेमलंय का?

उत्तर ‘नाही’ आलं तर अर्ज परत नेऊ नका. त्याच इमारतीत दुसरं दार आहे: दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली खटला दाखल न करताही एका बाजूच्या अर्जावरून वाद लोकअदालतीपुढे ठेवता येतो. कोर्ट फी लागत नाही. इथे तडजोड झाली तर होणारा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे बंधनकारक निकालाच्या, बरोबरीचा असतो आणि त्यावर अपील नाही. उलट सामुदायिक मध्यस्थीतला तडजोडनामा शांतता राखण्यापुरता असतो. हुकूमनाम्यासारखी त्याची अंमलबजावणी करून घेता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलंय. माझं मत विचाराल तर आवाज, कचरा, पार्किंग अशा रोजच्या कटकटीला तेवढाही पुरतो, कारण माणसाने एकदा समोर बसून सही केली की जिन्यात नजर चुकवणं अवघड होतं. गळती दुरुस्तीचे पैसे कोण देणार, असा हिशेबाचा प्रश्न असेल तर मात्र लोकअदालतच बरी. ‘स्थायी लोकअदालत’ हे तिसरंच प्रकरण आहे. ती वीज, पाणी, वाहतूक अशा सार्वजनिक सेवांच्या तक्रारींसाठी असते. नाव सारखं म्हणून पुष्कळ जण तिकडे जातात आणि परत येतात.

गावात राहत असाल तर १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतली तंटामुक्त समिती तुमच्या गावात अजून बसते का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

कोण अर्ज करू शकतं? त्रास होणारा कुणीही. मालक असो वा भाडेकरू. उत्पन्नाची मर्यादा फुकट वकील हवा असेल तेव्हाच आड येते, आणि तेव्हाही महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग अशा गटांना ती लागू नाही.

काय चालत नाही, तेही स्पष्ट असू द्या. आपसात न मिटवता येणारे गुन्हे इथे येत नाहीत. मारहाण, छेडछाड, धमकी असेल तर आधी पोलिस. आणि मध्यस्थ म्हणजे जातपंचायतीतले पंच नव्हेत. ते दंड लावू शकत नाहीत, ‘याच्याशी कुणी बोलायचं नाही’ असं फर्मान काढू शकत नाहीत. असं कुणी केलं तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कागदपत्रं फार नाहीत. साध्या कागदावरचा अर्ज, ‘मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ यांच्या नावे. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीच्या नावे. दोन्ही कार्यालयं सहसा न्यायालयाच्या आवारात असतात. सोबत ओळखपत्र, राहत्या जागेचा पुरावा, एनसीची प्रत, सोसायटीला दिलेली पत्रं, असतील ते फोटो. समोरच्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवाच. ‘कट्ट्यावर बसणारी पोरं’ असं लिहिलंत तर नोटीस कुणाला काढायची? निदान दोघा-तिघांची नावं शोधा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. कार्यालय सापडत नसेल तर १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

अर्ज फसतो तो मजकुरात. ‘सदर इसम अत्यंत उर्मट व व्यसनी असून’ अशी सुरुवात झाली की समोरचा पहिल्या ओळीलाच उठून जातो. त्याऐवजी असं लिहा: ‘दि. ३ ते १७ मार्च या काळात सहा वेळा रात्री ११ नंतर वरच्या खोलीतून फर्निचर ओढल्याचा आवाज आला. तारखा व वेळा सोबत जोडल्या आहेत. रात्री १० नंतर आवाज होऊ नये, एवढीच विनंती.’ पंधरा दिवसांची नोंद एका वहीत ठेवा. त्याहून मोठा पुरावा बहुतेकदा लागत नाही. लाउडस्पीकरचा त्रास असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधले आकडे अर्जात टाका: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६.

पुढे समोरच्याला नोटीस जाते, तारीख मिळते, आधी दोघांना एकत्र आणि गरज पडली तर वेगवेगळं बसवतात. तडजोडनाम्यात ‘यापुढे त्रास देणार नाही’ असलं मोघम वाक्य येऊ देऊ नका. ‘खुर्च्यांच्या पायांना आठ दिवसांत रबरी बूच बसवतील’, ‘बाइक गेटच्या डाव्या बाजूला लावतील’ असं लिहून घ्या, तारखेसकट. सही करण्याआधी मोठ्याने वाचायला सांगा.

समोरचा आलाच नाही किंवा जमलं नाही, तर तुमचा कुठलाही हक्क जात नाही. दिवाणी दावा करता येतो. शांतताभंगाची भीती असेल तर पोलिसांमार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ खाली, कार्यकारी दंडाधिकारी त्याच्याकडून एक वर्षापर्यंतचं हमीपत्र घेऊ शकतात. चौकीतले लोक याला ‘चॅप्टर’ म्हणतात. तिथेही आधी विचारतील ती तारखांची वही आणि शिक्का मारलेली प्रतच.