सोफिया लॉरेन: नवरा एकच, लग्नं दोन

नेपल्सजवळच्या पोत्सुओलीतलं गरिबीतलं बालपण, सौंदर्यस्पर्धा, मग हॉलिवूड, हे सगळं अनेकदा लिहून झालंय. इटालियन अभिनेत्री सोफिया लॉरेनच्या ऐन उमेदीच्या वर्षांना खरा पीळ पडला तो इटलीच्या विवाहकायद्यामुळे.

तिला पुढे आणणारा निर्माता कार्लो पाँती तिच्याहून बावीस वर्षांनी मोठा आणि १९४६ पासून विवाहित. इटलीत तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती. म्हणून सप्टेंबर १९५७ मध्ये मेक्सिकोत आधी त्याचा घटस्फोट झाला आणि पाठोपाठ लग्न. वधूवर दोघंही अमेरिकेत. त्यांच्या जागी उभे राहिले दोन वकील, तेही दोघे पुरुष! आपलं लग्न लागल्याचं नवरीला वर्तमानपत्रातून कळलं.

मायदेशी हा घटस्फोट कोणी मानला नाही. चर्च खवळलं, तक्रार झाली, खटला उभा राहिला. एक लग्न कायम असताना दुसरं करण्याच्या या गुन्ह्याला आपल्याकडे ‘द्विभार्या’ म्हणतात. या शब्दात दोष नवऱ्याकडे जातो, बाई फक्त मोजली जाते. इटलीत मात्र तीही आरोपी. (आपल्या मुंबई प्रांतात हिंदूंसाठी द्विभार्याबंदी १९४६ ला आणि घटस्फोट १९४७ ला आला होता.)

सुटका करून घ्यायची तर आपलं लग्न मोडून चालणार नव्हतं, ते झालंच नव्हतं असं ठरायला हवं होतं. १९६२ मध्ये ते रद्द झालं. त्याच वर्षी ‘ला चोचारा’ या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळालं, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या भूमिकेला मिळालेलं अभिनयाचं ते पहिलंच ऑस्कर. समारंभाला ती गेली नाही, रोममध्ये घरीच थांबली. बातमी फोनवर आली.

पुढे फ्रेंच नागरिकत्व घेऊन, तिथे रीतसर घटस्फोट होऊन, एप्रिल १९६६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हरला पुन्हा लग्न लागलं. पहिल्या बायकोनंही त्यासाठी नागरिकत्व बदललं. त्याचं श्रेय तिला सहसा कुणी देत नाही.

इटलीत घटस्फोटाचा कायदा डिसेंबर १९७० मध्ये आला आणि १९७४ च्या सार्वमतात ५९ टक्के मतांनी टिकला. तो लॉरेनमुळे आला म्हणणं जरा जास्तच होईल.

सरकारशी खडाखडी नंतरही चालूच राहिली. १९८२ मध्ये करापायी १७ दिवस कासेर्ताचा तुरुंग. १९७४ च्या विवरणपत्राचा वाद तर २०१३ पर्यंत रेंगाळला आणि तिच्या बाजूनं सुटला. २०२० मध्ये, ८६ व्या वर्षी, मुलाच्या दिग्दर्शनाखाली ती पुन्हा पडद्यावर दिसली. नवरा जानेवारी २००७ मध्येच गेला होता. मेक्सिको धरलं तर संसाराची ४९ वर्षं पूर्ण, फ्रान्स धरलं तर ४०.