भाडे ठरले, पण महिना कितीला पडणार?

नाशिकमध्ये भाड्याने घर शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घर दाखवायला नेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: भाडे किती? त्यामागोमाग डिपॉझिट. बहुतेकांचा होकार-नकार तिथेच होऊन जातो. पण सहा महिन्यांनी तीच मंडळी भेटतात तेव्हा भाड्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. बोलतात ते मेंटेनन्सबद्दल, मे महिन्याच्या लाइटबिलाबद्दल, टँकरच्या वर्गणीबद्दल, रोजच्या पेट्रोलबद्दल. घर महिन्याकाठी एकूण कितीला पडेल, हा आकडा काढल्याशिवाय टोकन देऊ नका, एवढ्यासाठी हे पत्रक.

किल्ली हातात येईपर्यंत

उदाहरण म्हणून साडेअकरा हजार भाड्याचा वन बीएचके धरू. तीन महिन्यांचे डिपॉझिट ३४,५००, पहिले भाडे ११,५००, एक महिन्याचे कमिशन ११,५००. हे झाले ५७,५००. त्यात करारनोंदणी, टेम्पो आणि हमाली, नवे कुलूप, गळका नळ, ट्यूबलाइट, पडद्याचे रॉड असे धरत गेलात की पासष्ट हजारांच्या घरात जाता. पगार झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची ओढाताण इथेच होते. डिपॉझिटसाठी सोने गहाण ठेवावे लागत असेल तर कमी डिपॉझिटचे घर शोधायला आम्हाला मोकळेपणाने सांगा, त्यात संकोच करू नका.

करारात पैसे वाचवू नका. त्याचा खर्च मुळात फार नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. ते संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून काढतात. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांसाठी ते तीनशे-चारशे रुपये भरते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आता नोंदणी ऑनलाइन होते, मशीन घरी आणून अंगठा घेतात. त्या सेवेचे पैसे वेगळे, ते आधी विचारून घ्या.

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे’ असे अजूनही सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकावर आहे. गॅस कनेक्शन, बँक, मुलांची शाळा, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल, तर मालकाचा पॅनही लागेल. तो करारातच लिहून घेतलेला बरा.

लाइटबिल आधी बघा, मग भाडे बोला

आमच्या मते घर बघताना सगळ्यात उपयोगाचा कागद म्हणजे महावितरणचे बिल. मालकाकडून ताजे बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वीजवापर युनिटमध्ये छापलेला असतो. तिथे एप्रिल-मेचे आकडे बघा. वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे भिंती असलेल्या घरात कूलर रात्रभर चालतो आणि ते त्या आकड्यांत दिसते. डिसेंबर-जानेवारीही बघा. नाशिकची थंडी गिझरला उसंत देत नाही. इमारतीवर सोलर असेल तर पाणी खरोखर तुमच्या मजल्यापर्यंत गरम येते का, हे शेजाऱ्यांना विचारा. घरगुती दर टप्प्यांचे आहेत. शंभर युनिटच्या पुढचे युनिट महाग पडते, तीनशेच्या पुढचे आणखी. म्हणून वापर दुप्पट झाला की बिल दुपटीच्याही पुढे जाते. वर्षाची सरासरी काढा, पण मे महिन्यासाठी जास्तीचे पैसे बाजूला ठेवा.

मग खाली पार्किंगमध्ये जा. जिन्याखाली मीटर ओळीने लावलेले असतात, त्यावर फ्लॅट नंबर रंगवलेले असतात आणि ते कधी कधी चुकलेले असतात. घरातला मेन स्विच बंद करायला सांगा. बिलावरच्या क्रमांकाचा मीटर शोधा. त्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला तर मीटर तुमचाच. लुकलुकतच राहिला तर दुसऱ्याच्या विजेचे पैसे तुम्ही भरणार आहात. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, ती आम्ही प्रत्येक घरात करतो. किल्ली घ्यायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा आणि तो आकडा करारात किंवा ताबापावतीवर लिहून घ्या. जुनी थकबाकी असेल तर ग्राहक क्रमांकावरून ऑनलाइन कळते.

आणखी एक: महावितरण वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल पाठवू शकते. ती ठेव मालकाच्या नावावर जमा राहते, तेव्हा ती त्याने भरायची. पत्र तुमच्या दारात आले म्हणून ते पैसे तुमच्यावर येत नाहीत.

पाणी, मेंटेनन्स आणि न सांगितलेल्या रकमा

मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे का, एवढे विचारून थांबू नका. टँकरचे पैसे त्यातच की वेगळे? लिफ्ट दुरुस्ती, रंगकाम अशा मोठ्या कामाची वर्गणी निघाली तर कुणी द्यायची? आमच्या मते ती मालकाची आणि तसे करारात यावे. घरपट्टीही मालकाची. घरात भाडेकरू ठेवला म्हणून गृहनिर्माण सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. तोही मालकावरच लागतो. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या आहेत, तिथे त्यांची नियमावली वेगळी बघावी लागते.

पाण्याबद्दल मालकापेक्षा तळमजल्यावरच्या कुटुंबाला विचारा. महापालिकेचे पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, बोअर उन्हाळ्यात आटते का. शहराच्या कडेला नव्याने उठलेल्या वसाहतींत ही चौकशी जास्त गरजेची. गोदावरी किंवा नासर्डीच्या काठाजवळ घर असेल तर पार्किंगमध्ये पुराचे पाणी येते का, तेही विचारा. गाडी एकदा पाण्यात बुडाली की वर्षभर वाचवलेले भाडे तिच्या दुरुस्तीत जाते.

स्वस्त घर लांब असेल तर

नवरा अंबड एमआयडीसीत कामाला, मूल इंदिरानगरच्या शाळेत. म्हसरूळला घर साडेनऊ हजारात, पाथर्डी फाट्याला साडेअकरा हजारात. दोन हजारांचा फरक बघून मन म्हसरूळकडे ओढ घेते. पण तिथून अंबडला रोजचे जाणे-येणे साधारण वीस किलोमीटरने जास्त. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पाचशे वीस किलोमीटर. मोटारसायकल पंचेचाळीसचे अॅव्हरेज देत असेल तर साडेअकरा लिटर पेट्रोल, म्हणजे अकराशेच्या वर. शाळेच्या व्हॅनचे अंतर वाढल्याने महिन्याला सहाशे-सातशे जास्त धरा. ऑइल, टायर, सर्व्हिसिंग आहेच. दोन हजार तिथेच फिटले आणि वर द्वारका चौकातल्या गर्दीत रोजचा वेळ गेला तो निराळा.

हेच कुटुंब पंचवटीत दुकानावर कामाला असते तर म्हसरूळच योग्य ठरले असते. सिटीलिंकची बस घराजवळून थेट जात असेल तरी हिशेब बदलतो. घर बघायला रविवारी दुपारी येऊ नका. कामाच्या दिवशी, तुमच्या ड्युटीच्या वेळेला, त्याच रस्त्याने एकदा जाऊन या.

पगारातून किती

भाडे, मेंटेनन्स, लाइट, पाणी आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे. राहिलेल्यात किराणा, दूध-भाजी, गॅस, इंटरनेट, औषधपाणी, गावी पाठवायचे पैसे बसवायचे असतात. जूनची शाळेची फी, गाडीचा विमा, दिवाळी आणि अकरा महिन्यांनी येणारे नव्या कराराचे पैसे यांना बाराने भागून दर महिन्याला वेगळे काढा.

भाडेवाढ किती टक्के, हे आजच लिहून घ्या. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थ आहे. पंचवटी आणि रामकुंडाच्या आसपास घर घेत असाल आणि करार त्या सुमारास संपत असेल, तर नूतनीकरणाची अट आणि वाढीचा आकडा करारात असलाच पाहिजे. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापण्याची पद्धत काही मालक पाळतात. कापणार असतील तर रक्कम आणि कारण दोन्ही करारात असू द्या. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, तेही लिहा. भाडे रोख देत असाल तर दर महिन्याला पावती मागा. पावती मागणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मालकाने राग मानायचे त्यात काही नाही.

कार्यालयात येताना पगाराची स्लिप, कामाच्या आणि शाळेच्या जागेचा पत्ता आणि सध्याच्या घराचे लाइटबिल आणा. आवडलेल्या दोन-तीन घरांचा महिन्याचा पूर्ण हिशेब आम्ही तुमच्यासमोर बसून मांडून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. घरातल्या बाईमाणसांनाही सोबत आणा, कारण पाणी कधी येते आणि गॅस किती दिवस पुरतो हे बहुधा त्यांनाच नेमके ठाऊक असते.