कॅमेरा बोलतो, राउटर ऐकतो

मुलुंडची मावशीची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आणि चार वर्षांनी ती त्याच जागेवरच्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहायला आली. सामानासोबत जुना राउटर आला, दारावरचा वायरलेस कॅमेराही आला. जुन्या घरात या जोडीने कधी त्रास दिला नव्हता. नव्या घरात मात्र रोज रात्री नऊच्या सुमाराला कॅमेरा ऑफलाइन होऊ लागला. "अरे, परवा साडेनऊला बेल वाजली. मोबाइल उघडला तर नुसतं चाक फिरतंय. मी दार उघडलंच नाही," मावशी फोनवर म्हणाली. पंचाहत्तरीची बाई, एकटी राहते. त्या चाकाकडे बघत ती दाराआड किती वेळ उभी राहिली असेल, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदाराने आठ अँटेनांचा, खोक्यावर ठळक ६००० छापलेला राउटर पुढे केला. तो घेतला नाही, कारण तो आकडा मावशीच्या कॅमेऱ्याच्या कामाचा नव्हता. राउटर रेडिओ लहरींच्या ज्या दोन किंवा तीन पट्ट्यांवर (बँडवर) चालतो, त्या सगळ्यांच्या कागदावरच्या कमाल वेगांची ती बेरीज असते. मावशीचा कॅमेरा घरगुती वापरातल्या बहुतेक वायरलेस कॅमेऱ्यांसारखाच आहे: एक इवलीशी अँटेना, फक्त २.४ गिगाहर्ट्झची पट्टी, वाय-फाय ४ या पिढीची चिप. तिचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ७२ मेगाबिट. समोर ६००० छापलेला राउटर ठेवा नाहीतर १५०० छापलेला, कॅमेरा बहात्तरच्या पुढे जाणार नाही. त्याला तेवढाही लागत नाही. १०८० पिक्सेलच्या चित्राला सेकंदाला साधारण २ मेगाबिट पुरतात.

मग २ मेगाबिटही अडत होते ते कुठे?

घरातली बाकीची उपकरणं राउटरकडून घेतात. टीव्ही सिनेमा ओढतो, फोन व्हिडिओ ओढतो. राउटर पंगतीतला वाढपी असतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत प्रवाह उलटा वाहतो. कॅमेरा सतत पाठवत असतो आणि राउटरला ऐकावं लागतं. म्हणून "जास्त पॉवरचा राउटर घ्या" हा सल्ला इथे फारसा उपयोगी पडत नाही. राउटरने आवाज चढवला तर कॅमेऱ्याला तो नीट ऐकू येईल, पण कॅमेऱ्याचं क्षीण उत्तर राउटरपर्यंत पोचायला त्याची काहीच मदत होत नाही. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये सिग्नलच्या चार दांड्या दिसत असूनही चित्र तुटतं ते बऱ्याचदा यामुळेच. त्या दांड्या सांगतात कॅमेऱ्याला राउटर किती ऐकू येतो. राउटरला कॅमेरा किती ऐकू येतो, ते त्यात नसतं. अनेक राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या प्रत्येक उपकरणासमोर त्याचा सिग्नल आणि वेग लिहिलेला असतो. खरा आकडा तिथे बघावा.

हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात, आणि उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओसाठी उणे ६७ पर्यंत काळजी नाही, उणे ७० च्या पलीकडे धाकधूक, उणे ८० ला जवळजवळ काही नाही. उणे ६७ म्हणजे प्रत्यक्षात किती? एका वॅटच्या अब्जाव्या भागाचा पाचवा हिस्सा. शंभर मिलिवॅटचा राउटर धरला तर निघालेल्या शक्तीचा पन्नास कोटीवा भाग पोचला तरी चित्र स्वच्छ दिसतं. इतक्या तुटपुंज्या शक्तीवर हे चालतं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. मावशीच्या दारावर मी मोजलं तेव्हा उणे ७९ होतं.

पहिला दोष भिंतींचा निघाला. जुनी इमारत विटांची होती. सहा इंची विटांच्या भिंतीत २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण ५ ते ८ डेसिबल गमावते. नवे टॉवर आता बऱ्याच ठिकाणी 'मिवान' पद्धतीने बांधतात: ॲल्युमिनियमचे साचे उभे करून त्यात काँक्रीट ओततात, त्यामुळे दोन खोल्यांमधली भिंतसुद्धा सळयांच्या जाळीची काँक्रीट भिंत होते. अशी एक भिंत १० ते २० डेसिबल सहज गिळते, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर त्याहूनही जास्त. डेसिबलचा हिशेब फसवा असतो: १० डेसिबल गेले की दहावा भाग उरतो, २० गेले की शंभरावा. विटांच्या दोन भिंतींपलीकडे सिग्नलचा सोळावा-विसावा भाग पोचत होता. काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे हजारावा पोचतो. मावशीचा फ्लॅट जुन्याहून थोडाच मोठा आहे, पण लहरींच्या लेखी ती कित्येक पटींनी लांब राहायला गेली होती.

त्यात भर म्हणजे राउटर ठेवला होता ती जागा. बिल्डरने दाराशेजारी भिंतीत एक सुबक पत्र्याची पेटी दिली आहे. फायबरची तार तिथेच येते, राउटर आत बसवायचा, झाकण लावायचं. दिसायला छान. पण पत्र्याच्या बंद पेटीतून रेडिओ लहर बाहेर पडते ती फटींमधून. राउटर बाहेर काढून पुस्तकांच्या फळीवर ठेवला, एवढ्यानेच दारावरचा आकडा उणे ७९ वरून उणे ६६ वर आला. तेरा डेसिबल, म्हणजे वीसपट सिग्नल, आणि खर्च एका लांब केबलीचा. नव्या इमारतीत राहायला गेलेल्यांनी दुसरं काही केलं नाही तरी ती पेटी उघडून बघावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माळ्यावरची पाण्याची टाकी आणि सेफ्टी डोअरची जाळी यांच्या मागेही राउटर ठेवू नये. धातू लहर परतवतो, पाणी शोषून घेतं.

परतलेल्या लहरींची गोष्ट मोठी सुरस आहे. पॅसेजमध्ये लिफ्टचे स्टीलचे दरवाजे, दारांच्या लोखंडी जाळ्या. कॅमेऱ्याची एकच हाक अनेक प्रतिध्वनींसह पोचते. या प्रतिध्वनींमधून मूळ संदेश वेगळा काढायची युक्ती १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत घडवली गेली, आणि त्या गटाचे प्रमुख जॉन ओसलिव्हन हे मुळात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. नारायणगावजवळ खोडदला आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आकाशातली अतिमंद कुजबुज वेचतात, त्याच विद्येचं हे भावंड. मात्र युक्ती असली तरी प्रतिध्वनी काही जागी एकमेकांना खोडतातच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून सिग्नल चांगला आणि वाईट असण्यातलं अंतर कधी कधी पाच-सहा सेंटिमीटरच असतं. कॅमेरा कायमचा ठोकण्याआधी चार बोटं इकडे-तिकडे सरकवून आकडा बघावा.

उणे ६६ झालं, पण रात्री नऊचं दुखणं पूर्ण गेलं नाही. त्याचं कारण घराबाहेर होतं.

एका चॅनेलवरची, म्हणजे पट्टीतल्या एका कप्प्यावरची, हवा सगळ्यांची सामाईक असते आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो. वाय-फायचं प्रत्येक उपकरण आधी कान देऊन ऐकतं, कोणी बोलत नसेल तरच बोलतं. चाळीतला सार्वजनिक नळ आठवा. पाणी ठरावीक वेळ येणार, रांग मोठी, आणि एखाद्याने अरुंद तोंडाची कळशी आणली की तिच्यामागचे सगळे खोळंबतात. क्षीण सिग्नलचा कॅमेरा ही ती कळशी. सिग्नल चांगला असेल तेव्हा तो सेकंदाला ६५ मेगाबिटने बोलतो आणि चटकन बाजूला होतो. सिग्नल पडला की साडेसहा मेगाबिटपर्यंत उतरतो. पोचपावत्या आणि थांबण्याचा वेळ वजा जाता त्यातलं निम्मंच हाती लागतं, म्हणजे २ मेगाबिटचं चित्र पाठवायला एकटा कॅमेरा अर्ध्याहून जास्त वेळ नळ अडवून बसतो. दूरवर लटकवलेला एक दुबळा कॅमेरा घरातल्या सगळ्यांचं वाय-फाय मंद करतो ते असं.

अकराव्या मजल्यावरून मला शेजाऱ्यांची चाळीसहून जास्त जाळी, म्हणजे वाय-फाय नेटवर्कं, दिसली. भारतात २.४ च्या पट्टीत चॅनेल १३ आहेत खरे, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. चाळीस जाळी या तीन नळांवर. शिवाय प्रत्येक राउटर "मी इथे आहे" अशी दवंडी सेकंदाला सुमारे दहा वेळा पिटतो. जुन्या पद्धतीच्या मंद वेगावर एका दवंडीला दोनेक मिलिसेकंद लागतात. एका चॅनेलवर पंधरा जाळी असली तर कोणीही काही न पाठवता जवळपास तीस टक्के हवा दवंड्यांतच जाते. रात्री नऊला सगळ्या घरांतले टीव्ही सुरू झाले की उरलेलीही भरते.

एवढं उमगल्यावर राउटर निवडणं सोपं झालं. मावशीचा जुना राउटर एकाच पट्टीचा होता. टीव्ही, फोन, कॅमेरा सगळे २.४ वर. दोन पट्ट्यांचा घेतला की टीव्ही आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर हलवता येतात. तिथे जागा ऐसपैस आहे आणि काँक्रीट शेजाऱ्यांचा गोंगाट अडवतं. जी भिंत २.४ ला त्रास देते, तीच इथे उपयोगी पडते. २.४ घरापुरती तरी कॅमेऱ्यासाठी मोकळी राहते. पिढी वाय-फाय ६ ची घ्यावी, पण खोक्याची मागची बाजू वाचून. वाय-फाय ५ हे मानकच फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी होतं, त्यामुळे तसल्या राउटरचं २.४ चं रेडिओयंत्र जुन्याच पिढीचं असतं. वाय-फाय ६ च्या काही स्वस्त राउटरांतही असंच असतं: २.४ समोर ३०० लिहिलेलं असेल तर ते बहुधा वाय-फाय ४, ५७४ असेल तर वाय-फाय ६. कॅमेरा स्वतः जुन्या पिढीचा असला तरी नव्या रेडिओयंत्रात ऐकण्याची बाजू सहसा चांगली असते. जास्त अँटेनांचा खरा उपयोगही इथेच: दोन-तीन ठिकाणी पडलेला एकच दुबळा आवाज जुळवून राउटर तो स्पष्ट करून घेतो. दोन किंवा चार पुरेत. वाय-फाय ७ साठी कॅमेऱ्याच्या नावाने पैसे घालवू नयेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेटिंग आपल्या हातात असणं. चॅनेल स्वतः ठरवता यावा, २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झवर बांधता यावी (४० ठेवली तर तीनपैकी दोन नळ आपण अडवतो आणि मार दोन्हीकडून खातो), दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं देता यावीत. दोन्हींचं नाव एकच असेल तर कॅमेरा जोडताना फोन ५ वर असतो, कॅमेरा २.४ वर शोधतो, आणि तासभर जातो. इंटरनेट कंपनीकडून मिळालेल्या राउटरमध्ये या गोष्टी बऱ्याचदा बंद असतात. तो तसाच ठेवून त्याच्यामागे केबलीने आपला राउटर जोडावा.

सिग्नल वाढवणारा छोटा एक्स्टेंडर भिंतीत खोचण्याचा मोह मावशीच्या शेजाऱ्यांनी मला दाखवला. तो एकाच चॅनेलवर ऐकलेलं पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक बादली दोनदा भरायची. दोन-तीन युनिटांचा मेश (मिळून एकच वाय-फाय घरभर पसरवणारा राउटरांचा संच) घेतला तर त्यांच्यात शक्य तिथे तारच टाकावी.

पावसाळ्यात वाय-फाय मंदावतं ते पावसाच्या थेंबांमुळे, असं अनेक जण मानतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसल्या सरीतूनही २.४ गिगाहर्ट्झची लहर किलोमीटरमागे एका डेसिबलच्या दहाव्या भागाइतकीसुद्धा घटत नाही. पावसाळ्यातली खरी दुखणी म्हणजे ओलावलेल्या भिंती, खाऱ्या हवेने गंजलेले जोड आणि जाणारी वीज. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी जवळजवळ सगळी मुंबई अंधारात गेली होती, ते विसरू नये. राउटर बहुतेक वेळा १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याच्यासाठीचा छोटा यूपीएस दोन-तीन तास सहज काढतो. फायबरची डबी वेगळी असेल तर तीही त्यावर घ्यावी, आणि कॅमेऱ्याची सोय त्याहून वेगळी लागते.

चित्र सतत क्लाउडवर जात असेल तर अपलोडचाही हिशेब करावा. २ मेगाबिट म्हणजे दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. मावशीकडे मेमरी कार्डवर सतत आणि क्लाउडवर फक्त हालचाल झाली तेव्हाचं, असं ठेवलं.

आणि कुलूप. २०१६ साली 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते एवढ्याच आधारावर. राउटर असा घ्यावा ज्याला कंपनी अनेक वर्षं सुरक्षा अपडेट देते. कॅमेरे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर टाकावेत, म्हणजे उद्या एखादा फुटला तरी बँकेचं ॲप असलेला फोन त्याच्या आवाक्यात येत नाही. कॅमेरा जुना असेल तर वाय-फायच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए २ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवावा. निव्वळ ३ वर तो जोडलाच जात नाही.

नव्या राउटरवर मावशीच्या दारावर आता उणे ५८ असतं आणि रात्री साडेनऊलाही चित्र तुटत नाही. मी मुद्दाम त्याच वेळेला बघतो, कारण दुपारी दोनला चित्र कोणाचंही चांगलं येतं. स्वयंपाकघराच्या बाल्कनीतला दुसरा कॅमेरा मात्र मध्ये दोन काँक्रीट भिंती असल्याने उणे ७४ वर अडला आहे, आणि तो दारावरच्या कॅमेऱ्याच्या इतका आड आहे की दोघांना एकमेकांचा आवाजच जात नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही एकदम बोलतात आणि राउटरला कोणाचंच कळत नाही. बाल्कनीतल्या कॅमेऱ्याला केबलच लागणार. टीव्हीच्या जुन्या वायरीचा पाइप त्या भिंतीतून जातो, तो रिकामा आहे का हे बघायला रविवारी इलेक्ट्रिशियन येणार आहे.