पाक चोय पेरा, पण ऑगस्टमध्ये

मार्च उजाडला की इंग्लंडमधल्या बागांत पेरणीची लगबग सुरू होते आणि पाक चोय या चिनी पालेभाजीचं बियाणंही त्याच उत्साहात मातीत जातं. मग मे-जूनमध्ये रोप नीट भरायच्या आत मधून दांडा वर येतो, पिवळी फुलं लागतात, पानं राठ होतात. नाशिककडचा कांदा उत्पादक बघताक्षणी म्हणेल, डेंगळे आले! बियाणं चांगलंच असतं, महिना चुकलेला असतो.

पाक चोय, चिनी कोबी, मिझुना, तात्सोई या सगळ्या भाज्या ब्रासिका रापा या एकाच जातीच्या. सलगमही त्याच जातीचा. फुलोरा कधी धरायचा हे या झाडांना दोन गोष्टींवरून कळतं: थंडी आणि दिवसाची लांबी. त्यांच्या पेशींमध्ये एफएलसी नावाची जनुकं फुलोरा रोखून धरतात. काही दिवस सलग थंडी लागली की ती हळूहळू निष्क्रिय होतात. पुढे दिवस मोठा झाला की पानांत एक प्रथिन तयार होतं, ते शेंड्यापर्यंत पोहोचतं आणि तिथे पानांऐवजी कळ्या धरू लागतात. युरोपातल्या नेहमीच्या कोबीचं रोप जरा जाड झाल्याशिवाय थंडीला दाद देत नाही. चिनी कोबीला मात्र बी रुजत असतानाच थंडीची जाणीव होते. मार्चच्या गार मातीत पडलेल्या बियाने म्हणूनच फुलायची तयारी आधीच केलेली असते. त्यात लंडनचा जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा. पुण्यात तो सव्वातेराच्या पुढे फारसा जात नाही.

उपाय साधा आहे. २१ जून उलटू द्यावा. चिनी कोबीला गड्डा धरायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणून ती जुलैच्या शेवटी पेरावी. पाक चोय ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालते, मिझुना आणि तात्सोई सप्टेंबरातही. माती अजून उबदार असते, दिवस मात्र आखडत जातात, आणि झाडाची सगळी ताकद पानांत उतरते. नोव्हेंबरपासून तिथला दिवस दहा तासांपेक्षा लहान होतो आणि वाढ जवळजवळ थांबते. तोवर पानं तयार असायला हवीत.

या हंगामाचा मोठा शत्रू म्हणजे पिसूभुंगेरे, जेमतेम दोन मिलिमीटरचे. कोवळ्या पानांची ते चाळण करतात. एक मिलिमीटरहून बारीक जाळी पेरणीच्या दिवशीच घालावी, कारण भोकं दिसल्यावर घातलेल्या जाळीत भुंगेरेही आतच कोंडले जातात. पावसाळी शरदात गोगलगायी येतात त्या वेगळ्याच.

थंडीची फार धास्ती नको. तात्सोई आणि मिझुना चांगलं हिव सोसतात. गारठ्यात पेशींमध्ये साखर साठते, त्यामुळे पानं गोडसर लागतात. चिनी कोबीचा गड्डा आणि पाक चोय नाजूक, ती कडक हिवाआधी काढून घ्यावीत. तिखट चव हवी असेल तर जांभळ्या पानांची रेड जायंट मोहरी लावावी. आपल्या फोडणीत तडतडते तीच ही जात, ब्रासिका जुन्सिया.

हिवाळ्यातून तगलेली झाडं मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्यावर येणारच. ती उपटून टाकू नयेत. कळ्या उमलायच्या आत कोवळे दांडे खुडून लसणावर परतावेत. चीनमध्ये चोय सम ही भाजी अशा दांड्यांसाठीच मुद्दाम लावतात.