दोन हजार वॅटचा खोका आणि पन्नास अँपिअरचा फ्यूज

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गाडीसाठी अँप्लिफायर घ्यायला गेलेल्या ग्राहकाला दुकानदार आधी खोक्यावरचा आकडा दाखवतो. तो 2000 वॅटचा असतो, क्वचित 3000 वॅटचाही. या आकड्याची शहानिशा करायला कोणतेही उपकरण लागत नाही. बॅटरीची तार जिथे स्क्रूने आवळायची, त्या जागेशेजारी बसवलेले रंगीत, चपटे फ्यूज पाहिले की पुरते. समजा, तिथे 25 अँपिअरचे दोन पांढरट फ्यूज आहेत (30 चा असेल तर तो हिरवा दिसतो, आणि आकडा त्याच्या पाठीवर छापलेलाच असतो). इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब साधारण 13.8 ते 14.4 व्होल्टच्या दरम्यान असतो. 13.8 ला 50 ने गुणले की 690 वॅट येतात, आणि फ्यूज न उडता हा अँप्लिफायर गाडीकडून सतत जितकी शक्ती घेऊ शकेल, तिचा हा ढोबळ अंदाज झाला. घेतलेली सगळी शक्ती स्पीकरपर्यंत पोचते असेही नाही. एबी वर्गाचा अँप्लिफायर जोरात वाजत असताना तिच्यातील निम्म्याहून थोडी अधिक शक्ती पुढे पाठवतो आणि उरलेल्या शक्तीने त्याचे ॲल्युमिनियमचे अंग तापते; डी वर्गाचा अँप्लिफायर 80 टक्क्यांच्या आसपास पाठवतो. म्हणजे हा 2000 वॅटचा खोका पहिल्या वर्गातला असेल तर सुमारे 380 वॅटचा आणि दुसऱ्या वर्गातला असेल तर सुमारे 550 वॅटचा निघतो.

मग 2000 आले कुठून? स्टिरिओच्या दर्शनी भागावर हमखास दिसणाऱ्या ‘50 वॅट × 4’ या मजकुराचा हिशेब केला, तर या आकडेमोडीची तऱ्हा कळते. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओतील लहानशा आयसीला (चिपला) गाडीच्या 14.4 व्होल्टपलीकडे काहीच मिळत नाही. स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट हलवून ही आयसी त्याच्यावर जास्तीत जास्त 14.4 व्होल्टचे शिखर उभे करू शकते. शुद्ध सुराची लहर या शिखराला टेकून लगेच खाली उतरते, त्यामुळे 4 ओहमच्या (ओहम हे विद्युतरोधाचे माप) स्पीकरमध्ये तिची सरासरी शक्ती 26 वॅटच्या आत राहते, आणि ट्रान्झिस्टरमध्ये वाया जाणारे व्होल्ट वजा केले तर 18 ते 22 वॅट उरतात. पण आवाज इतका वाढवला, की लहरीचे माथे छाटले जाऊन ती चौकोनी झाली, तर विद्युतदाब सतत शिखरावरच राहतो, 14.4 चा वर्ग भागिले 4 म्हणजे जवळपास 52 वॅट. दर्शनी भागावरचे 50 ते हेच. आकडा खोटा नाही, पण त्या अवस्थेत बाहेर पडणाऱ्या गोंगाटाला कोणी गाणे म्हणणार नाही, आणि छाटलेल्या लहरीतील जादा शक्तीमुळे नाजूक ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळण्याची भीती असते ती वेगळीच.

नव्वदच्या दशकातील टेपरेकॉर्डरवर मिरवणारे पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, प्रचंड आकडे ज्यांना आठवतात, त्यांना ही चलाखी नवी नाही. फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या दाखवून तीच त्याची सरासरी असल्याचे भासवावे, तसा हा प्रकार आहे. सरासरी सांगणारा आकडा आरएमएस या नावाने दिला जातो. पण तोही किती व्होल्टवर, किती ओहमवर आणि किती विरूपण (डिस्टॉर्शन) चालवून घेऊन मोजला, हे सांगितल्याशिवाय अर्धाच असतो. अमेरिकेत ठरलेल्या सीईए-2006 या मानकाने या अटी बांधून दिल्या: 14.4 व्होल्ट, 4 ओहम, आणि विरूपण व खरखर मिळून 1 टक्क्याच्या आत. माहितीपत्रकात हे नाव असेल, तर निदान दोन अँप्लिफायरची तुलना एकाच मापाने करता येते.

बाहेरून बसवलेला अँप्लिफायर या 14.4 व्होल्टच्या कुंपणातून सुटतो, कारण त्याच्या पोटात विद्युतदाब चढवणारा स्वतंत्र विभाग असतो. 4 ओहमच्या स्पीकरला 75 वॅट द्यायचे तर सुमारे 24.5 व्होल्टचे शिखर लागते, आणि ते तिथे तयार होते. चार चॅनेलचा अँप्लिफायर म्हणजे अशी चार स्वतंत्र दारे: दोन पुढच्या स्पीकरसाठी, दोन मागच्या. खरी मौज दोन चॅनेल ब्रिज करण्यात, म्हणजे एकाच स्पीकरला जोडण्यात आहे. एक चॅनेल स्पीकरचे एक टोक वर ढकलतो, तेव्हा दुसरा दुसरे टोक खाली खेचतो. विद्युतदाब दुप्पट होतो आणि शक्ती, निदान कागदावर, एका चॅनेलच्या चौपट होते. मात्र अशा वेळी 4 ओहमचा सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) प्रत्येक चॅनेलला 2 ओहमचाच भासतो. म्हणून पत्रकात ‘4 ओहमवर 75 × 4, 2 ओहमवर 100 × 4’ असे लिहिले असेल, तर ब्रिज केल्यावर 200 × 2 हाच आकडा जुळतो. तिथे 300 छापले असेल तर शंका घ्यावी. 4 ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडून पुन्हा ब्रिज केले, तर प्रत्येक चॅनेलवर 1 ओहमचा भार पडतो. चार चॅनेलचे बहुतेक अँप्लिफायर तो सोसत नाहीत आणि संरक्षणाचा लाल दिवा लावून बंद पडतात. केवळ बाससाठी घेतलेला एका चॅनेलचा डी वर्गाचा अँप्लिफायर असा कमी ओहमचा भार सहसा सोसतो, तरी माहितीपत्रकातील किमान ओहम पाहूनच जोडणी करावी.

वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. त्यामुळे 3 डेसिबलची भर पडते, जी कानाला कळते पण चकित करत नाही. आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. एका वॅटला 88 ऐवजी 91 डेसिबल देणारा स्पीकर निवडला तर अँप्लिफायर न बदलता तेवढाच लाभ होतो. दुकानात या आकड्याची चौकशी फारशी कोणी करत नाही, याचे मला नवल वाटते.

मुंबईत या सगळ्यावर रहदारीची मर्यादा आहे. अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर) छापलेली क्षमता इंजिन वेगात फिरत असतानाची असते. पावसाळ्याच्या संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर गाडी तासभर खोळंबली, की इंजिन मंद गतीवर असते आणि एसीचा पंखा, वायपर व हेडलाइट एकदम वीज मागतात. 1000 खऱ्या वॅटचा डी वर्गाचा अँप्लिफायर पूर्ण जोरात जवळपास 87 अँपिअर मागेल. हे अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेर गेले, की तूट बॅटरीतून भरली जाते, विद्युतदाब 12.5 व्होल्टच्या आसपास घसरतो आणि बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावतात. ज्या अँप्लिफायरचा आतला विद्युतदाब नियंत्रित नसतो, त्याची शक्ती अशा वेळी 14.4 व्होल्टवरच्या आकड्याच्या सुमारे तीन चतुर्थांश राहते. त्यात वायरिंग किटमधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली तर आणखी घट येते, कारण ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 60 टक्केच असते. तार कापून टोक चाकूने खरवडले आणि आतून चंदेरी रंग दिसला, की संशय घ्यावा. मात्र कथिलाचा मुलामा दिलेले खरे तांबेही बाहेरून चंदेरीच दिसते, म्हणून खरवडताना थोडे खोल जावे लागते.