मीटर बदलला की गाडीचे किलोमीटर शून्य होत नाहीत

‘जुन्या गाडीचा मीटर काढून दुसरा लावला, की किलोमीटर नव्याने सुरू’ हा समज केबलवर फिरणाऱ्या मीटरच्या काळातला. आताच्या डिजिटल मीटरमध्ये आकडा ईईप्रॉम चिपमध्ये, म्हणजे वीज गेली तरी नोंद जपणाऱ्या मेमरीत असतो. बॅटरी काढली तरी तो पुसला जात नाही, फार तर घड्याळाची वेळ आणि ट्रिप मीटरचा (एका प्रवासापुरता मोजलेला) आकडा जातो. भंगारातला मीटर लावला तर शून्य नव्हे, त्या दुसऱ्या गाडीचे किलोमीटर दिसतात. काही गाड्यांत आकड्याची नोंद इतर कंट्रोल युनिटमध्येही (गाडीतल्या छोट्या संगणकांत) राहते, त्यामुळे तफावत गॅरेजच्या स्कॅनरवर पकडली जाते.

खरी अडचण वेगळीच. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटोसारख्या गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा, मीटरमध्येच असतो. दुसऱ्या गाडीचा मीटर लावला तर कनेक्टर तंतोतंत बसतो, काटे हलतात, पण इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं. मग लोक फ्युएल पंप बदलत बसतात! इथे मीटर आणि चाव्या पुन्हा जुळवाव्या लागतात.

काढण्याआधी आकड्याचा फोटो घ्या, इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मीटर मेला असेल तर जुनी चिप वाचून तोच आकडा नव्यात भरून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. विकताना आकडा कमी दाखवणं ही सरळ फसवणूक आहे.